कोरड्या ऋतूतील डोंगरवाट

गिरिभ्रमणाला हिवाळ्यासारखा ऋतू नाही, ही समजूत आपल्याकडे इतकी दृढमूल झालेली आहे की, जुलै-ऑगस्टात ओढ्याकाठच्या शेवाळलेल्या दगडावर पाऊल टाकताना जो माणूस दहा वेळा विचार करतो, तोच माणूस डिसेंबरात त्याच डोंगरावर साध्या चपला घालून, एक लहानशी पाण्याची बाटली घेऊन आणि सूर्य माथ्यावर आल्यानंतर निःशंक मनाने निघतो. या समजुतीत सत्याचा अंश मोठा आहे, हे नाकारता येत नाही. आकाश निरभ्र असते, ओढे पायाखाली घालता येतात, वीज कोसळण्याचे भय नसते आणि माथ्यावरून दहा-दहा कोसांचा मुलूख दृष्टीच्या टप्प्यात येतो. परंतु हिवाळ्यात एकाच डोंगराची वाट प्रहराप्रहराला, बाजूबाजूला आणि महिन्यामहिन्याला पालटत असते; आणि हा पालट पावसाळ्यातील पालटाप्रमाणे डोळ्यांत भरणारा नसल्यामुळे त्याची दखल घेण्याचे कित्येकांच्या मनातही येत नाही. प्रस्तुत प्रकरणात या पालटाचा विचार वसईच्या पूर्वेकडील डोंगरांच्या आधाराने करावयाचा आहे.

वसई-विरारच्या पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला उल्हास नदीची खाडी आणि उत्तरेला वैतरणेचे मुख. पूर्वेची हद्द मात्र डोंगरांनी आखून दिलेली आहे. रेल्वेच्या डब्यातून नालासोपारा किंवा विरारजवळ पूर्वेकडे पाहिले म्हणजे जी निळसर भिंत दिसते, तीत तुंगारचा लांबट माथा प्रमुख आहे. त्याच्या दक्षिणेस कामण गावाच्या डोक्यावर कामणदुर्ग आहे आणि उत्तरेस सकवारच्या बाजूला टकमक गड आहे. उंचीच्या हिशेबाने ही शिखरे सह्याद्रीच्या मुख्य रांगेपुढे लहानच. तुंगार आणि कामणदुर्ग दोन्ही दोन हजार फुटांच्या किंचित वर जातात. तरी पायथा जवळजवळ समुद्रसपाटीला असल्यामुळे ही सगळी उंची स्वतःच्या पायांनीच चढावी लागते, आणि घाटमाथ्यावरील कित्येक नामांकित गडांना जेवढी चढण नाही तेवढी येथे पडते. तुंगारच्या भोवतालचे सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे रान २००३ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. दक्षिणेचे बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि ईशान्येचे तानसाचे रान यांना सांधणारा हा दुवा आहे, आणि येथील वाट म्हणजे बिबट्याच्या व सांबराच्या मुलखातून जाणारी वाट होय, हे ध्यानात ठेवूनच तीवर पाऊल टाकले पाहिजे.

पाऊस उघडल्यानंतरचे चार महिने म्हणजे रस्त्यांचे महिने, ही गोष्ट या प्रांताच्या इतिहासातही लिहिली गेली आहे. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत माहीम, केळवे, तारापूर ही उत्तरेची ठाणी पडली ती १७३९ सालच्या ऐन जानेवारीत. आणि खुद्द वसईचा कोट मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, हाती आला. या कालगणनेमागे सेनापतीच्या कौशल्याइतकाच जमिनीचाही हात आहे. भाताची खाचरे नोव्हेंबरात कापणी होऊन वाळतात, चिखल दगडासारखा टणक होतो, ओढ्यांना उतार मिळतो आणि तोफांचे गाडे, बैल व रसद बांधांवरून नेता येते. जून ते ऑक्टोबर जो मुलूख पाण्याने तोडलेला असतो तोच नाताळच्या सुमारास सर्व बाजूंनी खुला होतो.

आजही डोंगराकडे जाणाऱ्याचा पहिला प्रश्न पायथ्यापर्यंतच्या रस्त्याचाच असतो. तुंगारेश्वराच्या देवळाकडे जाणारा रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील सातिवलीजवळून आत वळतो आणि तीन-चार किलोमीटरांत एकाच ओढ्याला पुनःपुन्हा ओलांडतो. पावसाळ्यात या ओलांडणीच्या जागीच माणसे अडकतात. हिवाळ्यात त्याच जागी गोटे उघडे पडतात, दुचाकीचे चाक त्यांवरून सरकते आणि मधल्या मातीच्या पट्ट्यात घोट्याइतका फुफाटा साचतो. कामणदुर्गाकडे जाणाऱ्याला चिंचोटीहून कामणमार्गे भिवंडीकडे जाणारा रस्ता धरावा लागतो. हा रस्ता अवजड मालमोटारींचा आहे. पावसाने पाडलेले त्यातील खड्डे दिवाळीनंतर खडीने भरले जातात आणि ती खडी दोन आठवड्यांत रस्त्यावर पसरते, म्हणून दुचाकीने जाणाऱ्याने डोंगरावर जपावे त्याहून अधिक येथे जपावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वसई-दिवा मार्गावरील कामण रोड स्थानकात उतरून पायी जाण्याची सोय आहे; परंतु त्या मार्गावर दिवसाकाठी मोजक्याच गाड्या असल्यामुळे परतीची वेळ आधी ठरवून मग चढाईचा बेत आखावा.

महामार्गावर आणि खाडीकाठी पहाटेचे धुके हा आणखी एक विषय आहे. भातखाचरांतील ओल, मिठागरे आणि खाडीचे पाणी यांच्यावरची हवा स्वच्छ आकाशाखाली रात्रभर निवत जाते आणि पहाटे तिच्यातील बाष्प जमिनीलगत थेंबांच्या रूपाने तरंगत राहते. सूर्य उगवला की धुके लगेच विरेल अशी आपली अपेक्षा असते, पण उगवतीनंतर पहिला काही वेळ ते उलट दाट होते. कारण कोवळ्या उन्हाने जमिनीवरचे दंव वर उठते आणि हवा ढवळली जाऊन थर जाड होतो. पुढे जमीन पुरेशी तापली म्हणजे मगच धुके फाटते. तेव्हा सहा वाजता दिसत होते म्हणून सातला अधिक चांगले दिसेल, हा हिशेब रस्त्यावर चुकतो.

आता डोंगराच्या हवेकडे वळू. उंच जावे तसे थंडी वाढते, हे शाळेत शिकवलेले सूत्र खरेच आहे. हजार मीटरांना सरासरी साडेसहा अंश हे त्याचे प्रमाण. त्या हिशेबाने कामणदुर्गाचा माथा पायथ्याहून चार अंशांनी थंड असावा, आणि दुपारी तसा तो असतोही. परंतु डिसेंबर-जानेवारीच्या निवांत पहाटे या सूत्राची उलटापालट होते. रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे फेकून देते, तिच्यालगतची हवा थंड व म्हणून जड होते, आणि ही जड हवा डोंगराच्या घळींतून हळूहळू खाली उतरून पायथ्याच्या सखल जागी साचते. परिणामी पाड्यावर शेकोटीभोवती माणसे अंगावर घोंगडी ओढून बसलेली असतात, आणि त्याच वेळी हजार फूट वर, कड्याच्या खांद्यावर, हवा सुखद ऊबदार लागते. जो अनुभवी नाही तो पायथ्याची थंडी पाहून लोकरीचे दोन-दोन कपडे चढवतो, पहिल्या अर्ध्या तासात घामाने चिंब होतो आणि माथ्यावर वारा लागला म्हणजे त्याच ओल्या कपड्यांत कुडकुडतो. पायथ्याला किंचित थंडी वाजत असतानाच चालायला लागावे आणि कोरडा कपडा माथ्यासाठी पिशवीत राखून ठेवावा, ही डोंगरातल्या माणसांची रीत या कारणाने शहाणपणाची आहे.

याच साचलेल्या हवेत महामार्गाचा धूर, वीटभट्ट्यांचा धूर आणि शहराची धूळ अडकून राहते. सकाळी नऊच्या सुमारास तुंगारच्या माथ्यावरून पश्चिमेला पाहिले तर वसईच्या वाड्या, नालासोपाऱ्याच्या इमारती आणि पलीकडचा समुद्र एका करड्या थराखाली बुडालेला दिसतो, आणि त्या थराची वरची कड रेषेने आखल्यासारखी सरळ असते. पूर्वेला मात्र माहुलीचे सुळके स्वच्छ दिसत असतात. दुपारी समुद्रावरून खारे वारे सुरू झाले की हा थर मोडतो. ज्याला माथ्यावरून वसईचा किल्ला आणि खाडीचे मुख पाहावयाचे आहे त्याने पहाटेची घाई करण्यापेक्षा या वाऱ्याची वाट पाहणे बरे. फक्त ती वाट पाहताना उतरण्यासाठी किती उजेड हाती राहतो, हे विसरता कामा नये.

दंवाचा प्रश्न याच निवणाऱ्या जमिनीशी निगडित आहे. गवताचे पाते हे हवेहून अधिक थंड होते, कित्येकदा चार-पाच अंशांनी. म्हणून हवेत ओल बेताची असली तरी पात्यावर पाणी धरते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवतावर हिमकण जमल्याच्या बातम्या दर वर्षी छापून येतात, त्यांच्यामागे हेच कारण आहे: हवा शून्यापर्यंत उतरलेली नसते, गवत उतरलेले असते. आमच्याकडे एवढी थंडी पडत नाही. मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश नोंदले गेले, तो आजवरचा नीचांक आहे. परंतु दंव येथेही भरपूर पडते आणि सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत कातळाच्या वाटेवर टिकते. बेसाल्टाचा उघडा, गुळगुळीत कातळ दंवाने ओला झाला आणि त्यावर पावसाळ्यातील शेवाळाची वाळलेली खपली असली, म्हणजे ती खपली पाणी पिऊन पुन्हा जिवंत होते आणि पायाखाली भर पावसाळ्याइतकी निसरडी होते. दुपारी परतताना तीच जागा बोटाने चोळली असता भुकटी होऊन उडते.

एकाच वेळी एका डोंगराला दोन ऋतू असतात, हे डिसेंबरात विशेष प्रत्ययाला येते. वसईच्या अक्षांशावर २१ डिसेंबरच्या मध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांपेक्षा फारसा वर येत नाही, आणि तोही दक्षिणेच्या आकाशात. अर्थात ज्या घळीचा उतार उत्तराभिमुख आणि त्याहून तीव्र आहे तिच्यात त्या दिवसांत ऊन उतरतच नाही. अशा घळींत कुजलेल्या पानांचा ओला थर, झिरपणारे पाणी आणि हिरवे शेवाळ नाताळापर्यंत टिकून राहते. उलट दक्षिण आणि नैर्ऋत्य बाजूच्या सोंडा दिवाळीनंतर पंधरवड्यातच कडकडीत वाळतात. म्हणून 'वाट कोरडी झाली का' हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या अंगाची वाट आणि कोणत्या वेळी, एवढा तपशील त्यात आल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही.

आणि वाट कोरडी झाली म्हणजे ती चांगली झाली असे मानण्यात मुख्य चूक आहे. आपले डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेले. त्यांतील टणक थर कड्याच्या रूपाने उभे राहतात आणि त्यांच्यामधले भुसभुशीत थर झिजून मुरूम होतो. पावसाळ्यात या मुरमाचे कण पाण्याच्या पातळ पडद्याने एकमेकांना धरून असतात, आणि ओल्या मुरमात पावलाची खाच पडते, टाच रुतते, आधार मिळतो. पाणी आटले की ही धरण सुटते. मग टणक जमिनीवर सुट्या, गोलसर खड्यांचा एक पातळ थर उरतो आणि त्यावर पाय ठेवणे म्हणजे सांडलेल्या मोहरीवर पाय ठेवण्यासारखे होते. यालाच डोंगरात फिरणारे लोक घसारा म्हणतात. सुटी खडी साधारणपणे ३५ अंशांच्या उतारावर स्वतःच्या बळाने कशीबशी थांबलेली असते. तिच्यावर माणसाचे ओझे पडले की तिचा तोल जातो आणि माणसासकट ती खाली चालू लागते. चढताना वजन पुढे असते, चवडा जमिनीत दाबला जातो, म्हणून घसाऱ्याचा त्रास होत असला तरी भय वाटत नाही. उतरताना मात्र माणूस भयाने मागे रेलतो, वजन टाचेवर जाते, टाच खड्यांवर फिरते आणि तो बसतो. हिवाळ्यात मनगटे मोडतात ती बहुतेक उतरताना, सोप्या दिसणाऱ्या उतारावर आणि मागे टेकवलेल्या हातामुळे.

उतरावे कसे, हे पुस्तकापेक्षा पाड्यावरच्या बायांकडून शिकावे. तुंगारच्या आणि कामणच्या रानातून वारली, कातकरी व मल्हार कोळी बाया डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन उतरतात, तेव्हा त्यांची पावले पाहण्यासारखी असतात. पाऊल आखूड, वीतभराचे. गुडघा कधीही पूर्ण ताठ नाही. तळवा सबंध टेकलेला. आणि उतार तीव्र झाला की सरळ खाली न येता त्या तिरक्या जातात, चार पावले उजवीकडे, चार पावले डावीकडे. पाऊल टाकण्याची जागा त्या मुरमात निवडत नाहीत. जमिनीत रुतलेला दगड, झाडाचे उघडे मूळ किंवा गवताचा बुंधा निवडतात. डोक्यावरची मोळी त्यांना मागे रेलू देत नाही. आपल्या पाठीवर मोळी नसते, पण पोटऱ्यांवर किंचित भार घेऊन, नाकाची सरळ रेषा चवड्यांवर ठेवून उतरण्याचा अभ्यास करता येतो.

गवताची कथा याहूनही फसवी आहे. पावसाळ्याच्या अखेरीस कमरेइतके वाढलेले गवत ऑक्टोबरात पिवळे पडते आणि परतीच्या पावसाच्या किंवा वाऱ्याच्या एखाद्या झोताने उताराच्या दिशेने आडवे होते. मग त्याच्या वाळक्या, चकचकीत काड्या एकमेकींवर समांतर पडून वाट झाकून टाकतात. बुटाचा तळ कितीही खाचांचा असो, त्या काड्यांवर त्याची पकड बसत नाही, कारण काडी बुटाला धरते तेव्हा जमिनीला सोडते. कामणदुर्गाच्या वाटेवरच्या मोकळ्या पट्ट्यांत नोव्हेंबर-डिसेंबरात हीच अवस्था असते. जानेवारीत गवत कापून नेले किंवा गुरांनी तुडवले म्हणजे वाट पुन्हा उघडी होते. माझ्या मते या डोंगरांवर जाण्यास जानेवारीचा दुसरा पंधरवडा सर्वांत सोयीचा, तो याच कारणासाठी.

याच गवतात कुसळी गवत असते आणि त्याचे बी जवळून पाहण्यासारखे आहे. मोज्यात रुतलेले एक कुसळ चिमटीत धरून उपसावे. त्याच्या टोकाला सुईसारखी अणकुचीदार नाळ असते, तिच्यावर मागे वळलेले बारीक तपकिरी केस असतात आणि मागे बोटभर लांबीचा पीळदार सोट असतो. त्यावर तोंडातली थोडी ओल लावली की तो सोट हळूहळू स्वतःभोवती फिरू लागतो. पीळ उलगडतो, वाळला की पुन्हा बसतो. रात्री दंव, दिवसा ऊन, या आळीपाळीने हे बी जमिनीत स्वतःला गिरमिटासारखे रोवून घेते. मागे वळलेल्या केसांमुळे त्याला फक्त पुढेच जाता येते. पायातल्या मोज्यात घाम आणि ऊन यांची तीच आळीपाळी चालते, म्हणून सकाळी कापडात अडकलेले कुसळ दुपारपर्यंत कातडीला टोचू लागते. गुडघ्यापर्यंत गुळगुळीत कापडाची पट्टी गुंडाळणे हा त्यावरचा उपाय आहे. लोकरीचा मोजा हा त्याला दिलेला आयता आश्रय आहे.

वाट चुकण्याचा संभवही हिवाळ्यात वाढतो, हे प्रथम ऐकणाऱ्याला पटत नाही. पावसाळ्यात रान दाट असते आणि त्यातून एकच मळलेली वाट जाते. हिवाळ्यात रान विरळ होते, गुरे सगळीकडे चरतात आणि ढोरवाटांचे जाळे पसरते. त्यात कारवीची भर. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलून ही झुडपे मरतात आणि पुढच्या हिवाळ्यांत त्यांच्या वाळक्या काठ्या आडव्या-तिडव्या पडून जुनी वाट बुजवतात. कामणदुर्गावर देवकुंडीच्या बाजूने चढणाऱ्यांपैकी अनेक जण सोंड सोडून आडव्या ढोरवाटेने घळीत शिरतात आणि वर कडा लागल्यावर परततात. ढोरवाट ओळखण्याची एक खूण सांगता येते: ती उंची राखून आडवी जाते आणि पाण्याच्या किंवा सावलीच्या जागी संपते, माणसाची वाट चढणीला भिडते. तरी सर्वांत खात्रीचा मार्ग पायथ्याच्या पाड्यावर विचारण्याचा. दाराशी बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाला "बाबा, वरची वाट कशी आहे?" असे विचारले, तर "वाट हाय, पन गवत निजलाय, आनि कड्याला मोहोळ बसलाय, तिकडनं जाऊ नका," एवढ्या एका वाक्यात जी खबर मिळते ती कोणत्याही नकाशात नसते, कारण ती त्या आठवड्याची असते.

मोहोळाची ती सूचना पूर्णपणे पाळावी. आग्या मधमाश्या पाऊस सरल्यावर डोंगरकड्यांवर येऊन बसतात आणि हिवाळाभर त्यांची मोहोळे कातळाच्या छपराखाली लोंबत असतात. शेकोटीचा धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा आणि वर फेकलेला दगड यांनी त्या चवताळतात. हल्ला झाला तर पाण्यात उडी मारणे व्यर्थ; अंग झाकून, न थांबता, दाट झाडीकडे सरळ पळत सुटणे हाच इलाज. सापांविषयी एवढेच सांगावे की, फुरसे आणि घोणस हे दोघेही थंडीच्या सकाळी उन्हाला तापलेल्या दगडावर पडून असतात, आणि घोणसाचा मीलनकाळही याच दिवसांत येतो. बसण्याची जागा आधी काठीने झाडावी, हात टेकण्याची जागा आधी डोळ्यांनी पाहावी.

पाण्याची तजवीज पायथ्याला करून निघावे. टकमक आणि कामणदुर्गाच्या माथ्यावर कातळात खोदलेली टाकी आहेत, आणि जुन्या काळी त्यांच्या भरवशावर शिबंदी राहत असे. परंतु उपसा थांबलेल्या टाक्यातील पाणी जानेवारीपर्यंत हिरवे होते आणि पातळीही उतरते. थंड हवेत तहान कमी लागते, घाम कोरड्या वाऱ्यात लगोलग उडून जातो, म्हणून अंगातले पाणी किती गेले हे कळत नाही. दुपारच्या उन्हात पायांत गोळे आल्यावर ते कळते. माणशी तीन लिटर हे या डोंगरांवर अतिरेकी प्रमाण नव्हे.

इतके झाल्यावरही हिवाळा आपला करार पाळीलच असे नाही. २०१७ सालच्या डिसेंबरात अरबी समुद्रातून 'ओखी' नावाचे चक्रीवादळ गुजरातच्या किनाऱ्याकडे सरकले आणि ४ व ५ तारखेला मुंबई, ठाणे, पालघर येथे पावसाळ्यासारखी झड लागली. शाळांना सुटी द्यावी लागली. अशा अवकाळी पावसानंतरची वाट ही दोन्ही ऋतूंचे दोष एकत्र घेऊन येते. वरचा सुटा मुरूम भिजून चिखल होतो, खालची टणक जमीन कोरडीच राहते आणि मधल्या सांध्यावरून वरचा थर सटकतो. वाळक्या पानांखाली पाणी दडून राहते. पाऊस थांबल्यावर दोन दिवस स्वच्छ ऊन पडू द्यावे आणि मग जावे.

वसई-विरारची तरुण मंडळी या घरच्या डोंगरांवर पाय तयार करून कळसूबाईला आणि पुढे हिमालयात जातात, आणि तेथेही प्रहर व दिशा यांचाच हिशेब चालतो. कळसूबाईचा माथा १६४६ मीटर, महाराष्ट्रातील सर्वोच्च. बारी गावाकडून चढणाऱ्याला वाटेत लोखंडी शिड्या लागतात. लोखंड दगडापेक्षा झपाट्याने निवत असल्यामुळे पहाटे त्यांच्या पायऱ्या दंवाने निथळत असतात आणि कठडा हातात धरवत नाही. कसारा घाटातील धुके हा तेथे जाणाऱ्या रस्त्याचा मुख्य धोका. उत्तराखंडात सुमारे बारा हजार पाचशे फुटांच्या केदारकंठावर डिसेंबर ते मार्च मराठी आवाज सर्रास कानी पडतात. तेथे पहाटेचे बर्फ टणक व घसरडे, नऊ-दहाला पाऊल धरणारे आणि दुपारी गुडघाभर रुतवणारे असते. म्हणून वाटाडे रात्री दोन-तीनलाच माणसांना उठवतात. पर्वतातील मोटाररस्त्यावर वितळलेले पाणी सावलीच्या वळणावर रात्री गोठते आणि त्याचा पातळ, पारदर्शक थर डांबराहून वेगळा ओळखू येत नाही. चालक त्या वळणावर वेग का कमी करतो हे आमच्या प्रवाशाला कळत नाही, आणि तो घाई करायला सांगतो. तसे कधीही सांगू नये.

पुन्हा घरच्या डोंगराकडे येऊ, कारण दिवसाच्या लांबीचा विचार राहिला आहे. वसईला डिसेंबरच्या उत्तरार्धातील दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. परंतु सर्वांत लवकर मावळणारा सूर्य हा डिसेंबरातला नव्हे. तो नोव्हेंबरच्या अखेरीस, सायंकाळी सहाच्या ठोक्याला मावळतो. उलट सर्वांत उशिरा उगवणारा सूर्य जानेवारीच्या मध्याला, सव्वासातच्या सुमारास उगवतो. याचे कारण पृथ्वीच्या कक्षेच्या आकारात आणि अक्षाच्या कलात आहे. व्यवहारात त्याचा अर्थ असा की, नोव्हेंबरात सायंकाळ आखडते आणि जानेवारीत सकाळ. नोव्हेंबरच्या अखेरीस जाणाऱ्याने उतरण्याची वेळ अलीकडे ओढावी, जानेवारीत जाणाऱ्याला ती अर्धा तास पुढे नेता येते. त्यातही हे घड्याळ मोकळ्या मैदानाचे. पूर्वाभिमुख घळीत सूर्य डोंगराआड चार-साडेचारलाच जातो आणि दाट झाडीखाली साडेपाचनंतर मुरूम व पाचोळा यांतला भेद दिसेनासा होतो. कामणदुर्गाची उतराई अडीच-तीन तासांची धरली तर दुपारी दोनला परत फिरणे भाग आहे, मग वर पोचलेला असो वा नसो. अभयारण्यात प्रवेशाची परवानगीही दिवसाउजेडापुरतीच असते, आणि बिबट्याचा वावर संध्याकाळनंतर पाड्यांच्या जवळ सरकतो, हेही या वेळापत्रकाच्या बाजूने बोलते.

फेब्रुवारीच्या मध्यापासून रानाचा रंग बदलतो. वनखात्याची माणसे माथ्यांवर आणि सोंडांवर गवत कापून व जाळून जाळरेषा आखतात, जेणेकरून लागलेला वणवा एका पट्ट्यातून दुसऱ्यात उडी घेणार नाही. या जाळरेषा वाटेसारख्या दिसतात आणि नवखा माणूस त्यांच्यावरून चालत जाऊन भलत्याच सोंडेवर पोचतो. वणवा चढणीच्या दिशेने वेगाने धावतो, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवते. खालून धूर येताना दिसला तर वर पळू नये, बाजूला, उघड्या कातळाकडे किंवा आधीच जळून गेलेल्या पट्ट्याकडे सरकावे. पेटती विडी, चुलीतला निखारा, चहासाठी मांडलेले तीन दगड यांपैकी काहीही या महिन्यांत डोंगरावर नेण्यास वा मागे ठेवण्यास माझा सक्त विरोध आहे. एका दुपारच्या चहासाठी कारवीचे आणि मोळी वाहणाऱ्या बायांचे रान जाळण्याचा अधिकार कोणालाही नाही. महाशिवरात्रीला तुंगारेश्वरला हजारो भाविक येतात, त्या दिवशी ओढ्याच्या रस्त्यावर वाहने पुढे सरकत नाहीत; डोंगर चढण्याचा बेत असणाऱ्याने तो दिवस सोडून द्यावा, आणि चढायचेच असेल तर वाहन महामार्गाच्या अलीकडे ठेवून देवळापर्यंतचे अंतर पायीच चालावे.